हस्तलिखिताचं बाड किती मोठं? शब्द, पानं आणि फॉर्म मोजायची रीत

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर आमचं दोन खोल्यांचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर मजकूर टाइप करून पानं लावायचं, दुकान आहे. बाहेरच्या खोलीत लग्नपत्रिका आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, आतल्या खोलीत पुस्तकं. मध्यंतरी बदलापूरहून एक काका आले. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून त्यांनी दोन जाड वह्या काढून टेबलावर ठेवल्या.

"चारशे पानांची कादंबरी आहे. प्रकाशकांना फोनवर तसं सांगूनही टाकलंय. ते म्हणाले, आधी टाइप करून घ्या."

वही उघडली. दोनशे पानी दोन वह्या म्हणजे चारशे पानं, इथवर हिशोब बरोबर. पण काकांनी शहाण्यासारखं कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं. म्हणजे लिहिलेली पानं दोनशेच. अक्षर टपोरं आणि मोकळं. पानावर अठरा ओळी, ओळीत सरासरी सहा शब्द. अठरा सक एकशे आठ, गुणिले दोनशे, झाले २१,६०० शब्द.

"काका, छापल्यावर शंभर पानांच्या आत बसेल."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "मग बाकीची तीनशे पानं गेली कुठे?"

त्यांची चूक काहीच नव्हती. ते पानं मोजत होते आणि प्रकाशक पुस्तक मोजत होता. पहिल्यांदा लिहिणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते, म्हणून ही रीत पहिल्यापासून सांगतो.

पान हे माप नव्हे

संगणकावर लिहिणाऱ्यांना वाटतं की आपण काकांपेक्षा पुढे आहोत. खाली कोपऱ्यात पानांचा आकडा दिसतोच की! पण त्या आकड्याला काही अर्थ नाही. करून बघा. तुमची फाइल उघडा, सगळा मजकूर निवडा आणि फॉन्ट मंगल, १२ पॉइंट करा. पानं किती झाली ते लिहून ठेवा. आता तोच मजकूर, तोच १२ पॉइंट, पण फॉन्ट कोकिला करा. निदान तिसरा हिस्सा पानं गळून पडतील. कोकिला बारीक चणीचा फॉन्ट आहे आणि मंगल दोन ओळींच्या मध्ये ऐसपैस जागा घेतो. एक शब्दही न कापता कादंबरी बारीक झाली.

त्यात एकजण ए-फोर कागदावर लिहितो, दुसरा लीगलवर. एकजण ओळींत दुप्पट अंतर ठेवतो, दुसरा परिच्छेदांमध्ये दोनदा एंटर मारतो. म्हणून "माझी कादंबरी १८० पानांची आहे" असं सांगितलंत की अनुभवी संपादक लगेच विचारतो, "शब्द किती?"

एका पानाला २५० शब्द धरायचे, हा नियमही कुठेतरी वाचलेला असतो. तो इंग्रजी टाइपरायटरचा आहे. दुप्पट अंतर ठेवून टाइप केलेल्या पानावर साधारण पंचवीस ओळी बसत आणि ओळीत दहाएक शब्द, त्यावरून तो आकडा आला. मराठी छापील पानाचा आकडा योगायोगाने त्याच्या आसपास येतो, पण तो वेगळ्या वाटेने येतो. ती वाट पुढे येईलच.

शब्द मोजायचे कुठे

हे सोपं आहे, त्यामुळे थोडक्यात. वर्डमध्ये अगदी खालच्या पट्टीवर डावीकडे शब्दांचा आकडा असतो. त्यावर क्लिक केलं की चौकट उघडते. त्या चौकटीत तळटीपा धरायच्या की नाही याची एक खूण असते. कथा-कादंबरीसाठी ती काढून टाका, अभ्यासग्रंथ असेल तर राहू द्या, पण तळटीपांचे शब्द वेगळेही लिहून ठेवा. गूगल डॉक्समध्ये टूल्समध्ये जाऊन वर्ड काउंट, आणि फोनवर वरचे तीन ठिपके दाबले की तोच पर्याय. अर्धीअधिक नवी मंडळी आता कर्जत-कसारा लोकलमध्ये उभ्यानं फोनवरच लिहितात, त्यांनी हे तीन ठिपके लक्षात ठेवावेत.

मोजताना पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंतचाच मजकूर निवडा. नाव, पत्ता, फोन, "सर्व पात्रे काल्पनिक" हे बाहेर.

जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा आयएसएमच्या सुरेख, योगेशसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तरी शब्दांचा आकडा बऱ्यापैकी बरोबर येतो. शब्द मोजताना संगणक फक्त मोकळी जागा बघतो, अक्षर वाचत नाही. मात्र पीडीएफमधून कॉपी करून मोजू नका. मराठी पीडीएफमधून मजकूर काढला की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे जातात, शब्द मधेच तुटतात आणि आकडा वाटेल तसा फुगतो.

मोजण्याआधी झाडू मारा

संगणक मोकळी जागा बघतो, हे वाक्य परत वाचा. सगळी गोम तिथे आहे. आमच्याकडे येणाऱ्या फायलींमधलं हे नमुन्याचं वाक्य बघा, मोकळ्या जागा आहेत तशा ठेवल्यात:

आई म्हणाली , “ घरा समोर च्या दुकाना तून साखर आण .”

संगणकाच्या लेखी हे बारा शब्द. स्वल्पविराम सुटा, तो एक शब्द. अवतरणचिन्ह सुटं, तो एक शब्द. शेवटचा पूर्णविराम अवतरणचिन्हाला धरून वेगळा बसलाय, तोही एक. आता नीट लिहू:

आई म्हणाली, “घरासमोरच्या दुकानातून साखर आण.”

सहा शब्द. बाराचे सहा! सगळी फाइल इतकी वाईट नसते, पण संवाद जास्त असलेल्या कथेत फरक सहज हजाराच्या घरात जातो.

याचा फटका मला स्वतःला बसलाय, म्हणून इतकं घोळून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाने माझ्याकडे कथा मागितली. तीन हजार शब्द, वर नाही, खाली नाही. मी रात्र-रात्र जागून मोजून तीन हजार दहा शब्द दिले. आठवड्याने फोन आला, "कथा दोन हजार सातशेच भरतेय. अर्धं पान रिकामं राहतंय." मी छातीठोकपणे सांगितलं, मोजून दिलीय. मग फाइल उघडून पाहिली. प्रत्येक पूर्णविरामाआधी मोकळी जागा, प्रत्येक प्रश्नचिन्हाआधी मोकळी जागा. माझे तीनशे शब्द म्हणजे नुसते ठिपके होते. त्या अर्ध्या पानात शेवटी अगरबत्तीची जाहिरात लागली.

झाडू असा मारायचा. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, शोधा-आणि-बदला ही चौकट येईल. वरच्या खणात एक मोकळी जागा आणि पूर्णविराम, खालच्या खणात नुसता पूर्णविराम. सगळं बदला. मग स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह असंच. मग वर दोन मोकळ्या जागा, खाली एक, आणि "शून्य बदल" असं येईपर्यंत परत परत. अवतरणचिन्हं हातानेच बघावी लागतात, कारण उघडणाऱ्या चिन्हाच्या आधी जागा हवीच असते.

तुटलेले प्रत्यय मात्र एका झटक्यात जोडू नका. सुटा "च" दिसला की बेलाशक मागच्या शब्दाला चिकटवा. पण सुटा "वर" मागच्या शब्दाला चिकटवायचा की तो "वर गेला"मधला वर आहे, हे संगणकाला कळत नाही. सुट्या "ने"चंही तसंच. दहापैकी नऊ वेळा तो तुटलेला प्रत्यय असतो, पण दहाव्या वेळी कुणीतरी कुणाला "ही पिशवी घरी ने" म्हणत असतं. एकेक बघत पुढे जा. बोलून टाइप करणाऱ्यांच्या फायलीत ही मोडतोड जास्त असते. आणि हे काम करताना शुद्धलेखनाची निम्मी दुरुस्ती आपोआप होऊन जाते, मुद्रितशोधक तुम्हाला दुवा देईल.

मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द

"घरासमोरच्या दुकानातून साखर आण" हे मराठीत चार शब्द. हिंदीत "घर के सामने वाली दुकान से चीनी लाओ" हे आठ. इंग्रजीत सरळ भाषांतर केलं तर दहा. मराठी विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहिते, त्यामुळे आपला शब्द लांब आणि संख्येने कमी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, इंग्रजी लेखकांसाठीचे आकडे मराठीला लावू नका. "४० हजार शब्दांच्या वर असेल तरच कादंबरी" हे वाक्य आमच्याकडे येणारे तरुण हमखास म्हणतात. ती रेघ ह्यूगो पुरस्काराची आहे. हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा पुरस्कार साडेसात हजार शब्दांच्या आत कथा, साडेसतरा हजारांपर्यंत दीर्घकथा, चाळीस हजारांपर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी असे गट करतो. तिथे गट पाडायचे असतात म्हणून रेघा मारल्यात. मराठी प्रकाशक अशी रेघ धरून बसत नाही. पस्तीस हजार मराठी शब्दांचं पुस्तक बिनधास्त कादंबरी म्हणून निघतं आणि वाचकाला ते तेवढं मोठं वाटतंही.

दुसरी गोष्ट अनुवादकांसाठी. इंग्रजीतून मराठीत आणताना शब्दसंख्या बहुधा घटते. मानधन शब्दावर ठरत असेल तर शब्द मूळ भाषेतले मोजायचे की मराठीतले, हे काम हातात घेण्यापूर्वी लेखी ठरवा. नंतर ते बोलणं कडू होतं.

अक्षरांच्या आकड्यापासून लांब

वर्डच्या त्याच चौकटीत अक्षरांचाही आकडा असतो. कधी कधी एखादं संकेतस्थळ किंवा स्पर्धा "पाच हजार अक्षरं" अशी मर्यादा घालते. इथे मराठी माणूस फसतो. "विद्यार्थ्यांनी" हा शब्द घ्या. आपण म्हणू चार अक्षरं: वि, द्या, र्थ्यां, नी. युनिकोडमध्ये, म्हणजे आजचे संगणक अक्षरं साठवायला जी ठरीव पद्धत वापरतात तिच्यात, तोच शब्द पंधरा खुणांचा होतो. वेलांटी वेगळी, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, आणि जोडाक्षरातला प्रत्येक पाय मोडल्याची खूण वेगळी. त्यामुळे अक्षरांची मर्यादा दिली असेल तर डोक्यात हिशोब करू नका, यंत्र दाखवेल तोच आकडा धरा. आणि जुन्या फॉन्टमधल्या फाइलचा अक्षरांचा आकडा तर कुणालाच सांगू नका. तिथे एक अक्षर दोन-तीन तुकडे जोडून बनवलेलं असतं.

शब्दांची छापील पानं कशी होतात

आता काकांच्या प्रश्नाचा मुख्य भाग. मराठीत कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात निघतात, पान साधारण साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. तुम्हाला ज्या प्रकाशकाकडे जायचंय त्याचंच, तुमच्या लेखनाच्या जातीचं एखादं पुस्तक हातात घ्या. विकत घ्यायला हवं असं नाही. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ सालची संस्था आहे, तिथे बसून मोजता येईल. माझ्या ओळखीची एक बाई तर पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या ओठ हलवत ओळी मोजते. दुकानदाराला वाटतं बाई स्तोत्र म्हणतायत.

असं पान निवडा जे वरपासून खालपर्यंत भरलेलं आहे. ओळी मोजा, समजा ३० आल्या. मग कुठल्याही पाच पूर्ण ओळींतले शब्द मोजा, समजा ४६ आले. म्हणजे ओळीला ९.२ आणि भरलेल्या पानाला २७६ शब्द. पण कादंबरीत सगळी पानं अशी भरगच्च नसतात. परिच्छेद संपतात, "हो." "नाही." असे संवाद अख्खी ओळ खातात. त्यासाठी दहा ते पंधरा टक्के वजा करा. मी २४० धरतो. वैचारिक लेखनाला २६० धरलं तरी चालतं, आणि संवादांनीच चालणाऱ्या कादंबरीला २१० सुद्धा जास्त होतात.

समजा तुमची कादंबरी ५२,००० शब्दांची, प्रकरणं चौदा. ५२,००० भागिले २४०, म्हणजे २१७ पानं. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, वरून थोडं खाली सुरू होतं आणि शेवटचं पान अर्धवट राहतं. दोन्ही मिळून प्रकरणामागे पाऊण-एक पान जातं, चौदा प्रकरणांची बारा धरू. सुरुवातीची पानं आठ: अर्धशीर्षक, शीर्षक, हक्कांचं पान, अर्पणपत्रिका, मनोगत, अनुक्रमणिका. एकूण २३७.

(मनोगतावरून आठवलं. आपल्याकडे प्रस्तावना, मनोगत आणि ऋणनिर्देश या तिघांत मिळून कधी कधी वीस पानं जातात. ती छापली जातात, त्यांचा कागद लागतो, म्हणून तीही मोजा. ऋणनिर्देशात वाचनालयाच्या शिपायापासून आत्येबहिणीपर्यंत सगळे येऊ द्यात, पण दोन पानांत.)

आणि पानांचे फॉर्म

२३७ हा आकडा प्रकाशकाला ऐकवलात तर तो मनात सोळाने भागतो. छापखान्यात सुटं पान छापत नाहीत. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ आणि पाठीमागे आठ अशी सोळा पानं छापतात, घड्या घालतात आणि कापतात. त्या सोळा पानांना फॉर्म म्हणायचं, जुने लोक फर्मा म्हणतात. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हाताने जुळवण्याच्या काळात तर याला पर्यायच नव्हता. लहान छापखान्यांकडे शिशाचे खिळे बेताचे, देवनागरीची जोडाक्षरं धरून पेटीत शेकडो घरं, अख्ख्या पुस्तकाला पुरतील एवढे खिळे कुठून आणणार? जुळाऱ्याने एक फॉर्म जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत घरात टाकायचे आणि पुढचा फॉर्म घ्यायचा. खिळे गेले, फॉर्म राहिला.

२३७ भागिले १६ म्हणजे पावणेपंधराच्या किंचित वर. छापणार पंधरा फॉर्म, २४० पानं. तीन पानं उरली, तिथे प्रकाशक आपल्या इतर पुस्तकांची यादी टाकेल. उत्तम.

पण तुमचा मजकूर २४४ पानांचा झाला तर? पंधरा फॉर्म आणि वर चार पानं. ती चार पानं वेगळी छापायची, वेगळी घडी घालायची, बांधणीत वेगळी घुसवायची. मग फोन येतो, "चार पानं कमी करता का?" नवा लेखक इथे दुखावतो, त्याला वाटतं संपादकाला मजकूर आवडला नाही. संपादकाचा तुमच्या मजकुरावर काही राग नसतो, त्याला फक्त कागद दिसत असतो. चार पानं म्हणजे चार गुणिले २४०, नऊशे साठ शब्द. आणि गंमत अशी की दरवेळी ते कापावेही लागत नाहीत. प्रकरणाचं शेवटचं पान चारच ओळींचं असेल, तर त्या प्रकरणातल्या चार ओळी काढल्या की अख्खं पान वाचतं. अशी चार प्रकरणं सापडली की झालं. आपल्या डीटीपीवाल्याशी गोड बोला, अशी पानं कुठे आहेत ते तो लगेच दाखवेल.

म्हणून पाठ करायची असेल तर ही उतरंड करा: ६४, ८०, ९६, ११२, १२८, १४४, १६०, १७६, १९२, २०८, २२४, २४०. आपलं पुस्तक यातल्या कुठल्या आकड्याच्या जरा खाली बसतंय, हे माहीत असलेला लेखक प्रकाशकाला फार आवडतो.

हाताने लिहीत असाल तर

फुलस्केप कागद, एकाच बाजूला, डावीकडे समास, पाठपोट अजिबात नाही. पानांना आकडे घाला. मग सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी पाच पानं काढा आणि त्यांतले शब्द खरोखर मोजा, अंदाज नको. सुरुवातीला आपण जपून लिहितो, शेवटी अक्षर सैल होतं, म्हणून पाच ठिकाणची पानं. सरासरी काढून एकूण पानांनी गुणा. काट मारलेल्या ओळी असतील तर तितकं कमी करा. समासात बाण काढून घुसवलेला मजकूर मात्र धरा. काकांच्या वहीत समासातच एक अख्खं पात्र राहत होतं.

कविता, नाटक, बालसाहित्य

कवितेचे शब्द मोजू नका, कुणी विचारणार नाही. कविता किती आणि ओळी किती, एवढं पुरतं. प्रत्येक कविता नव्या पानावर येते आणि शीर्षक धरून पानावर पंचवीसेक ओळी बसतात. म्हणजे अठ्ठावीस ओळींची कविता दोन पानं घेते आणि दुसऱ्या पानावर तीन ओळी एकट्या उभ्या राहतात. तशा कविता शोधून ठेवा. संग्रह चार फॉर्मचा, ६४ पानांचा असतो, कधी पाचाचा. तीन फॉर्मचा म्हणजे ४८ पानांचा काढू नये असं मी सांगतो, त्याला एक गमतीचं कारण आहे. युनेस्कोने १९६४ मध्ये आकडेवारी गोळा करण्यासाठी पुस्तकाची व्याख्या केली, त्यात मुखपृष्ठं सोडून निदान ४९ पानं हवीत असं म्हटलंय. तुमचा संग्रह एका पानाने पुस्तक व्हायचा राहील!

नाटकाचं माप घड्याळ. मोठ्याने, पात्रांच्या जागा घेत वाचा आणि वेळ लावा. एकांकिका स्पर्धेला देणार असाल तर नियमातल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं कमीच भरू द्या, प्रयोगात हशा आणि अंधार वेळ खातात. लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकाला सोळा, चोवीस किंवा बत्तीस पानं आधी ठरतात आणि मजकूर पानागणिक तुकडे पाडून द्यायचा असतो. तिथे पानावर तीस शब्द म्हणजे पुष्कळ झाले.

दैनिकं आणि दिवाळी अंक

वर्तमानपत्राचा संपादक "आठशे शब्द" म्हणतो तेव्हा त्याला आठशेच हवे असतात. पान आखलेलं असतं, जाहिरात लागलेली असते. साडेआठशे दिलेत तर तोच कापेल, आणि बहुधा शेवटून कापेल. तुमचा जीव त्या शेवटच्या परिच्छेदात अडकलेला असतो, हे त्याच्या गावीही नसतं.

दिवाळी अंक थोडे दिलदार. मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि कथेला ऐसपैस जागा द्यायची सवयही. पण कागद महागला तशी तीही आखडत चालली आहे. माझ्याकडे जुळणीला येणाऱ्या कथा अडीच ते चार हजार शब्दांच्या असतात. त्याहून मोठी द्यायची असेल तर लिहायच्या आधी विचारा. जूनमध्ये विचारा, गणपतीत नको. तेव्हा अर्धा अंक लागलेला असतो.

सरकारी योजना किंवा स्पर्धांचे अर्ज भरताना आणखी एक जपा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं, तशा अर्जात पृष्ठसंख्या लिहावी लागते. ती छापील पानांची मागितली आहे की टंकलिखित पानांची, हे पत्रकात नीट वाचून मगच आकडा भरा.

बाडाच्या पहिल्या पानावर

एवढं लिहा: पुस्तकाचं नाव, तुमचं नाव आणि फोन, लेखनाचा प्रकार, शब्दसंख्या, प्रकरणं, अंदाजे छापील पानं. आमच्या उदाहरणातल्या कादंबरीसाठी ते असं दिसेल:

कादंबरी. सुमारे ५२,००० शब्द, १४ प्रकरणं. डेमी आकारात अंदाजे २४० पानं. युनिकोड.

"सुमारे" लिहायला लाजू नका. ५१,९८७ असा आकडा दिलात तर लेखक नवखा आहे हे लगेच कळतं. कथा असेल तर जवळच्या शंभरावर, कादंबरी असेल तर जवळच्या हजारावर आणा. खाली फॉन्टचं नाव लिहा. शक्यतो युनिकोडमधलाच वापरा. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, नाहीतर मंगलही चालेल. प्रकाशक उघडल्यावर आपल्या फॉन्टमध्ये नेणारच आहे, तुम्ही नटवू नका. परिच्छेदाला एकदाच एंटर, नवं प्रकरण सुरू करायला दहा वेळा एंटर दाबण्याऐवजी कंट्रोल आणि एंटर.

फाइलच्या नावात तारीख घाला आणि पाठवलेली प्रत घरी तशीच ठेवा, तिला हात लावू नका. पुढे सुधारणा करायच्या तर दुसरी प्रत काढून त्यात करा. नाहीतर तीन महिन्यांनी प्रकाशक म्हणतो २४० पानं, तुमच्याकडच्या फाइलची होतात २५२, आणि कुठली बारा पानं कुणाकडे नाहीत हे शोधत दोघं बसता.

काका परवा पुन्हा आले होते. टाइप झालेली फाइल मी झाडून-पुसून मोजली होती, २१,३०० शब्द. सहा फॉर्म, ९६ पानं, सुरुवातीची पानं धरून अगदी नेटकं. काकांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहून घेतला, चिठ्ठी खिशात ठेवली आणि बाहेर पायरीवर उभं राहून प्रकाशकाला फोन लावला. "नमस्कार. मागे मी चारशे पानं म्हणालो होतो, ते जरा दुरुस्त करायचंय."